अकरा वर्षांच्या मुलासाठी

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपण दोघंही हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले. माझं काम तेच, दिवसभर कवळ्या बनवते. दवाखान्यात नवीन डॉक्टर आलेत. ते हिरड्यांचे साचे घाईघाईत घेतात आणि कवळी बसली नाही की माझ्या नावानं शंख करतात. परवा एका आजोबांना म्हणाले, "कवळी बनवणाऱ्या बाईंचं काही लक्षच नसतं." बाई शेजारच्याच खोलीत होत्या, पातळ भिंतीपलीकडे. बाईंनी कवळी घासायचं यंत्र मुद्दाम मोठ्या आवाजात सुरू केलं. बाबांची शेवटची कवळी मीच बनवली होती, हे तुला माहीत नसेल. चांगली बसली. त्यांनी आरशात बघून मान हलवली आणि निघून गेले. ते वारले तेव्हा तू आला नाहीस, मी गेले. मला वाटतं, दोघांचंही बरोबरच होतं.

दाताचा रंग जुळवायचा असला की डॉक्टर माणसाला थेट माझ्याकडे पाठवतात. तशाच एक बाई आल्या. निवृत्त, आयुष्यभर ॲम्ब्युलन्स चालवलेल्या. पुढचे दोन दात लहानपणीच गेलेले, तिथला खोट्या दातांचा जुना ब्रिज निखळला होता. मी सवयीनं विचारलं, पडला होतात का? तर म्हणाल्या, "नाही गं, वडिलांनी दारावर आपटलं होतं. रंग थोडा पिवळट घे हं, पांढराशुभ्र शोभायचा नाही मला." एकाच दमात दोन्ही. माझ्या हातात रंगाचे नमुने होते. मी म्हणाले, आमच्याकडेही होतं असं. दादा, हे वाक्य मी त्याआधी कुणापुढेच उच्चारलं नव्हतं. त्यांनी डोळे मोठे केले नाहीत की हात धरला नाही. फक्त म्हणाल्या, "शनिवारी दुपारी आमच्याकडे येत जा. चहा चांगला असतो."

खुर्च्या दुरुस्त करायच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे आम्ही जमतो. ड्रायव्हरबाई, एक बँकेचा वॉचमन, कोर्टातला एक टायपिस्ट, चपलांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आणि मी. सगळ्यांच्या घरी लहानपणी काही ना काही झालेलं. ते काय, हे कुणी विचारत नाही. शहरात एक बालगृह आहे. तिथल्या अधीक्षिका ड्रायव्हरबाईंच्या जुन्या ओळखीच्या. नुकत्याच आलेल्या एखाद्या मुलाबद्दल त्या बाईंना सांगतात, नाव नाही, फक्त वय आणि काय दुखतंय ते. आम्ही त्या मुलासाठी प्रार्थना करतो. स्वतःसाठी काही मागायचं नाही, हा तिथला एकच नियम.

मी आधी चहापुरतीच जात होते. देवाशी माझं कसं आहे ते तुला ठाऊक आहे. एकदा मी वॉचमनला विचारलंही, त्या पोराला पत्ताही नसतो, मग आपल्या इथे बसण्याचा त्याला काय उपयोग? मोठा आडदांड माणूस आहे, पण बोलतो अगदी हळू. म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं, ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत आहे. एक मी आणि दुसरा मारणारा. आता त्या पोराची गोष्ट आपल्याला माहीत आहे, आणि आपण ती देवाच्याही कानावर घालतो. दोघांवरून आकडा वाढला की नाही?" मला हसू आलं. पण पुढच्या शनिवारी मी चहाच्या आधीच जाऊन बसले.

त्या चपलांच्या दुकानातल्या मुलीला कधी डोळे मिटता यायचे नाहीत. आम्ही सगळे मान खाली घालून बसायचो आणि ती टक्क उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत राहायची. कुणी तिला काही म्हणालं नाही. एका शनिवारी भाजलेल्या हाताच्या एका छोट्या मुलीसाठी चाललं होतं. तिला झोप लागू दे, एवढंच ही दुकानातली मुलगी म्हणाली, आणि थोड्या वेळानं बघतो तर हिचीच मान टायपिस्टच्या खांद्यावर. गाढ झोपली होती. ड्रायव्हरबाईंनी पुढची प्रार्थना कुजबुजत उरकली. टायपिस्टचा हात बधिर झाला तरी पठ्ठ्या हलला नाही. उठल्यावर ती ओशाळली, आणि मग म्हणाली, चार माणसांत मी पहिल्यांदाच झोपले.

माझं असं काही होत नव्हतं. मी शब्द नीट म्हणायचे आणि घरी यायचे. मग एकदा ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "मुलगा. वय अकरा. धाकट्या बहिणीला मागे ढकलून स्वतः पुढे उभा राहायचा." पुढचं मला ऐकू आलं नाही. मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तू मला धुण्याच्या टबामागे बसवायचास, मनातल्या मनात पाढे म्हण म्हणायचास, आणि पुढे जायचास. मी फोडलेली बशी तू फोडलेली असायची. नंतर टबामागे येऊन विचारायचास, कितीपर्यंत पोचलीस गं शेपूट? जणू तेवढंच महत्त्वाचं. तेव्हा मी तुला शूर समजत होते. त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तू लहान होतास. इतर जण म्हणत होते, त्याला धीर दे, बळ दे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, देवा, याला आणखी शूर करू नकोस, पुरे झालं. याच्यापुढे एखादं मोठं माणूस उभं कर आणि याला खेळायला पाठव. मग मी खाली जाऊन कप विसळले. बराच वेळ विसळले. ड्रायव्हरबाई येऊन ते पुसत राहिल्या. त्या दिवसापासून माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालंय. याहून नीट सांगता येत नाही.

त्या मुलाची खबर पुढेही येत राहिली. बहीण-भाऊ आता मावशीकडे असतात. पण बालगृहात असताना एकदा त्यानं चेंडूवरून एका पोराला ढकललं, त्याचा ओठ फुटला, आणि हा दिवसभर पलंगाखाली जाऊन बसला. अधीक्षिकांनी खूप विनवलं तेव्हा आतून म्हणाला, मीही बाबांसारखाच होणार. हे ड्रायव्हरबाईंनी आम्हाला सांगितलं. मग वॉचमन म्हणाला, "माझ्या बापाला त्याच्या हातांची कधी भीती वाटली नाही. या पोराला वाटते. मग तो बापासारखा कसा?" त्या शनिवारची तेवढीच प्रार्थना झाली.

आता लिहायचं कारण सांगते. वहिनीचा फोन आला होता. ती तक्रार करत नव्हती, तिला काही उमगतच नव्हतं. म्हणाली, लेकानं तुझं मोजमापाचं यंत्र पाडलं, तुझा हात वर गेला आणि वरच थांबला. तू त्याला शिवलाही नाहीस, पिशवी भरलीस आणि तुझ्या कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेलास. पैसे पाठवतोस, घरी येत नाहीस. तू तिला आपल्या घराबद्दल काय सांगितलंयस मला माहीत नाही, म्हणून मी काही बोलले नाही. ते तूच सांग. शनिवारी मी त्या खोलीत म्हणाले, मुलगा, वय अकरा, कुणी मारलेलं नाही, बाप घर सोडून गेलाय. मला वाटलं होतं, हे आमच्या प्रार्थनेत बसायचं नाही. ड्रायव्हरबाईंनी विचारलं, "का गेला?" मी म्हणाले, आपला हात लागेल या भीतीनं. त्या म्हणाल्या, "मग आज दोन मुलं आहेत." आणि आम्ही तुम्हा बापलेकांसाठी मागितलं. दादा, हात वर गेला हे खरं, पण थांबवायला मध्ये कुणी आलं नव्हतं, तो तूच थांबवलास. एकट्यानं जड जात असेल तर कुणाशी तरी बोल, नाहीतर इथे ये, एक खुर्ची आणखी मांडू. पण आधी घरी जा. वहिनी सांगत होती, तू गेल्यापासून पोरगा घरात चवड्यांवर चालतो, कशाला हात लावत नाही. त्याला वाटतंय, सगळं त्याच्यामुळेच झालं. आपल्यालाही तसंच वाटायचं.

तुझंच,
शेपूट