नलूने परत पाठवलेला डाव

८ मार्च ९८, रवि.
नलूची फ्लॉपी धुळ्याहून दुपारच्या एसटीने आली. कंडक्टर म्हणाला, "अक्का, औषध आहे का? बाईंनी फार जपून दिलं." म्हटलं, राज्य आहे. दात काढून हसला.
कॉम्प्युटरवर राज्य वसवायचा खेळ आमचा. दोघींनी एकाच जागेपासून वीस चाली खेळायच्या, मग एकमेकींचा डाव उघडून उणीदुणी काढायची. याच रीतीने आम्ही दोन म्हाताऱ्या कॉम्प्युटरला हरवायला शिकलो. या खेपेला नलूने बंदर उघडं टाकलंय. आणि डोंगराकडे, जिथून कुणी येत नाही, तिथे तटावर तट! बंदर राखायला मला तिनेच शिकवलं.

११ मार्च
फोनवर झाडलं. "बंदराचं काय केलंस?" "बघते हं, बघते." गोड आवाज.
सिंधू भांडी घासता घासता, कॉम्प्युटरकडे बघून: "आज कोन मरनं वो बाई, डबामा?" म्हटलं, माझी सहनशक्ती.

१५ मार्च, रवि.
नलूची फ्लॉपी उघडली तर माझाच डाव! मी पाठवलेला, जसाच्या तसा. नदीकाठी मी वसवलेलं 'मेहरूण' शहरसुद्धा. लगेच फोन. "बोर्डिंगात कधी गणितं उतरवली नाहीस, आता पासष्टीत कॉपी?"
"काय बोलतेस! मीच खेळले. मेहरूण मीच वसवलं."
तीस वर्षं ट्रंक लाइनवर खोटं बोलणारे ऐकलेत. हा तसा आवाज नव्हता.
लाइट गेली.

१८ मार्च
नाशिकला फोन, तिच्या सतीशला. "मावशी, गेममध्ये चुकली म्हणून डॉक्टर? परवाच बोललो. आई ठणठणीत आहे."
अरे गाढवा, तुझी आई धुळ्याच्या एक्स्चेंजात ऑपरेटर होती, मी जळगावच्या. आमच्या अंगात मुरलंय ते. समोरचा काय म्हणतो कळलं नाही तरी आवाज डगमगू द्यायचा नाही, गोड बोलून लाइन धरून ठेवायची. ती तुला धरून ठेवते आणि तू म्हणतोस ठणठणीत! हे सगळं बोलले. "चिडू नका," म्हणाला. बाईचं म्हणणं पटलं नाही की ती चिडलेली ठरते.

२२ मार्च, रवि.
धुळ्याला जाऊन आले. पारोळ्यापर्यंत उभी, ऊन मी म्हणत होतं. नलूचं घर लख्ख, साडी इस्त्रीची. बाहेरून कुणाला काय दिसणार?
कॉम्प्युटरपुढे बसवलं. "खेळ, तुझी चाल." माऊसवर हात ठेवून बसली. मग हळूच, "तूच खेळ ना. तुझं बघितलं की मला येतं."
स्वयंपाकघरात गेले. गॅस चालू, वर भांडं नाही. बंद केला.
निघताना हात धरला तिने. "सतीशला सांगू नकोस. घर बंद करून नाशिकला नेईल. सून दिवसभर ऑफिसात. मी तिथे कुणाशी बोलू? इथल्या गल्ल्या तरी माझ्या आहेत."
म्हणजे तिला कळतंय. हे जास्त वाईट. काही कळत नसतं तर मी खुशाल सांगून टाकलं असतं.

२६ मार्च
सतीशचा फोन, आपणहून. आवाज उतरलेला. नलू चपला न घालता बसस्टँडवर गेली होती, शेजाऱ्यांनी आणून सोडलं. "मावशी, खरं सांगा, आई एकटी राहू शकते का?"
आठ दिवसांपूर्वी का नाही विचारलंस, असं जिभेवर आलं. गिळलं.
म्हटलं, "रविवारी धुळ्याला ये. मीही येते. काय बोलायचं ते तिच्या तोंडावर, पाठीमागे नाही."

२८ मार्च
नलूचा फोन. खूश. "अगं, उद्या सतीश येतोय! पुरण घालू का? आणि तूही येतेस म्हणाला. का गं, काय आहे उद्या?"
मी म्हटलं, "घाल पुरण."
पुन्हा विचारलं नाही तिने. पुरणात गूळ किती, यावर बोलत राहिली. प्रश्न सोडून दिला की विसरली, तेवढं मात्र मला कळलं नाही.