कालव्याकाठचा ढीग

दोसान दादा,

तुझा फोन लागत नाहीये. नगरपालिकेचा ट्रॅक्टर लावून घरी आलास की बूटसुद्धा काढू नकोस, तसाच कालव्याकाठच्या पायवाटेवर ये. मोठं फावडं मी नेतेय, तू कोळशाचं घे. ट्रॅक्टर आणू नकोस, हातानंच उकरायचंय. पहाटे ट्रॅक्टरनं बर्फ लोटून तू कडेला जो ढीग लावलास, तो शेजारची झामाल नुसत्या हातांनी उपसतेय.

"एवढ्या निसरड्यात माझ्यासाठी चहा घेऊन येत जाऊ नकोस," म्हणून तू आईवर रोज खेकसतोस. आज ती दिसली नाही, तेव्हा म्हातारीनं एकदाचं ऐकलं, असंच तुला वाटलं असेल.

दादा, ती निघाली होती. तिचा थर्मास त्या ढिगात सापडलाय.

बाल्झान