वरचा पट्टा

११ जानेवारी १९९९
नाशिक आवडलं. नाशिक रोडला दोन खोल्या मिळाल्या, गॅलरीत दिवसभर ऊन. दिनेश रेल्वे स्टेशनात रुजू झाला. धाकटी मोहिनी बालवाडीत रमली. मी गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत. ढुंढिराज सरांनी स्वतः चहा केला, बिनसाखरेचा. बाटल्या धुणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, सर एवढं बारीक शोधतात, साखरेचा डबा तेवढा सापडत नाय.

१८ जानेवारी
उन्हातले अतिनील किरण डीएनएला इजा करतात. इजेची जागा ओळखून काही प्रथिनं तिला चिकटतात, मग दुरुस्ती सुरू होते. आम्ही इजा झालेला डीएनए पेशींच्या अर्कात मिसळतो. प्रथिन चिकटलं, तर फिल्मवर वरच्या बाजूला काळा पट्टा उमटतो.
माझ्या अर्काला पट्टा येतो. अपूर्वाच्या येत नाही. माझ्या थोरलीला ऊन सोसलं नाही ते यामुळेच. आठव्या वर्षी गेली. तिच्या कातडीच्या पेशी पुण्याहून गोठवून आणल्या आहेत. आता बाटलीत वाढताहेत. तिच्यात कोणतं प्रथिन नव्हतं, ते मला शोधायचं आहे.

२ फेब्रुवारी
रामकुंडावरून आले. अपूर्वाचे दिवस तिथेच केले होते. तेव्हा पिंडाला कावळा शिवेना. दिनेश म्हणाला, धाकटीला जपू. तरी नाही. शेवटी मीच पुढे होऊन म्हटलं, माझं जे आहे ते सगळं तुझं.
लगेच शिवला.

१२ फेब्रुवारी
अपूर्वाच्या रांगेत पट्टा. फिकट. सर म्हणाले, तुमच्याच पेशी तिच्या बाटलीत गेल्या असणार. दुसरी गोठवलेली कुपी काढली.

२२ फेब्रुवारी
नव्या बाटलीतही पट्टा. गडद. माझ्या रांगेत काहीच नाही. माझ्या दंडातून कातडीचा ताजा तुकडा घेऊन पाहिला. नाही.
बसची वाट पाहताना हात भाजले, फोड आले. माझ्यातलं तिच्यात जातं आहे. वाईट वाटलं नाही. घे, म्हटलं.

५ मार्च
घरात पडदे लावले. चेहऱ्यावर डाग. झुंबरबाईंनी विचारलं, मॅडम, तव्यावर झोपता का? हसले.
तिच्या पेशींवर अतिनील दिवा धरला. एकही मेली नाही. माझी लेक उन्हात उभी राहू शकते.

९ मार्च
मोहिनी शाळेतून रडत आली. म्हणाली, आई, ऊन चावतं. अपूर्वा असंच म्हणायची.
गालावर ठिपके.
माझं जे आहे ते — मोहिनीसुद्धा —

१३ मार्च
मोहिनीचं रक्त तपासलं. पट्टा आहे. पुसट. अपूर्वाचा काळाकुट्ट.
सरांना सांगितलं. म्हणाले, रजा घ्या.

१४ मार्च
कुप्या नष्ट केल्या. ही शेवटची बाटली. हातात ब्लीच. आधी सूक्ष्मदर्शकातून पाहायला नको होतं — एकमेकींना धरून आहेत, दाट, निरोगी —
ओतवत नाही. दुसऱ्यांदा नाही —
अपू, तुझी धाकटी आहे गं ती. सोड तिला. मी दिलं ते माझं होतं. ती माझी नाही. ऐकतेस ना — मोहिनी माझी नाही, मी तिची आई नाही, मोहिनी माझी कुणीच —