अर्धं जहाज

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१८

आजही गेले! वाळत घातलेले बोंबील उलटायचे सोडून आमचे हे मोबाईल घेऊन सासऱ्यांच्या जुन्या गलबतावर. दर शनिवारी संध्याकाळी मुंबईहून गुजरातकडे जाणारं मोठं पांढरं जहाज दिसतं, त्याचा फोटो काढायचा म्हणे. किनाऱ्यावरून काढा की! तर नाही — गलबताच्या टोकावरून उंच पडतं, मध्ये काही येत नाही.

आल्यावर फोटो दाखवला. समुद्र तिरका, जहाज अर्धं, कोपऱ्यात यांचा अंगठा. अंगठा मात्र सुरेख आलाय.

२० नोव्हेंबर

पालघरहून कॉलेजची दोन माणसं गलबत बघायला आली होती. सागवानी फळ्यांवरून हात फिरवून म्हणाली, ऐतिहासिक आहे, जपा. सासरे यातून मुंबईला गवत न्यायचे, तेवढ्यावरून हे छाती काढून फिरतायत. मी म्हटलं, ते ज्या वर्षी खाडीत रुतून बसलं त्याच वर्षी मी या घरात आले, मला कोण जपतंय?

'ते बंद पडलं. तू अजून चालू आहेस.'

जेवायला वाढलं, पण उशिराच.

२५ नोव्हेंबर

शेजारची भारती विचारत होती, निलमचा फोन येतो का, शनिवारच्या त्याच जहाजावर आहे ना?

आहे. असू दे! घोलवडचं चांगलं स्थळ सोडून पोरगी जहाजावर लोकांच्या खोल्या आवरायला गेली. घरात स्वतःची चादर कधी घडी केली नाही! जाताना मी म्हटलं होतं, गेलीस तर मला फोन करू नकोस. जन्मात माझं एक ऐकलं नाही, नेमकं हेच ऐकलं.

यांनाही बजावलंय, घरात तिचं नाव काढायचं नाही. हेही ऐकतात. बापलेक एकदम गुणी झाली.

८ डिसेंबर

आजच्या फोटोत नुसतं आकाश नि एक बगळा. 'जहाज खाली राहिलं' म्हणे.

२२ डिसेंबर

आज मागचं अर्धं आलंय. आधी पुढचं होतं. दोन्ही चिकटवा, एक होईल, म्हटलं. हे हसले.

हे अंगणात गेल्यावर फोटो मोठा करून पाहिला. बारीक बारीक खिडक्या. माणूस काही दिसत नाही. कुठली खोली आवरत असेल? डोळे चुरचुरायला लागले म्हणून ठेवून दिला. दुसरं काही नाही.

३० डिसेंबर

थंडी आहे. बोंबील छान वाळलेत. निलमला भाजलेले लागतात.

५ जानेवारी २०१९

आज ठरवलं, या माणसाला फोटो काढायला शिकवायचंच! ओहोटी होती. साडी खोचली, किटलीत चहा घेतला नि चिखल तुडवत गेले. गलबतावर चढले तर टोकाला हे पाठमोरे. समोर जहाज, अख्खंच्या अख्खं. आणि मोबाईल डोळ्यांपुढे नाही — कानाला!

जहाज इथून जवळून जातं तेवढ्यापुरतीच तिला रेंज मिळत असणार. घरात तर नाव काढायची चोरी.

'जेवतेस ना वेळेवर? पाठ अजून दुखते?... आई मजेत आहे. नाही गं, विचारत नाही. पण तुझ्या जहाजाचे फोटो बघते. मी बाहेर गेलो की बघते.'

मग घाईघाईने म्हणाले, 'ठेव आता, फोटो काढू दे. नाहीतर घरी काय दाखवू?' आणि कसातरी एक काढला. अंगठ्यासकट.

मी तशीच मागे फिरले. पाठ दुखते तिची, नि मला माहीतही नाही. चुलीपाशी बसून रडले. हे आल्यावर फोटो बघितला नि नेहमीसारखी नावं ठेवली.

११ जानेवारी

यांना सांगितलं, उद्या तुम्ही बोंबील उलटा, मोबाईल माझ्याकडे द्या. फोटो मी काढते. हे बघतच राहिले. 'तुला जमेल?'

तुम्हाला जमतं, मग मला काय धाड भरलीय, म्हटलं.

शनिवार, १२ जानेवारी

फोटो आणला. समुद्र तिरका, जहाज नाहीच, कोपऱ्यात माझा अंगठा.

यांनी बराच वेळ बघितला. म्हणाले, 'छान आलाय.'