दुसऱ्या क्लॅरिनेटचा श्वास

३ डिसेंबर
फुकट गेला डेटा! ब्राम्सची सिम्फनी उतरवून घेतली, तर वाजवणारे जेमतेम चाळीस. नेहमी नव्वद असतात. मला अंगावर येणारा आवाज हवा होता. इथे एकेक जण सुटा ऐकू येतो. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांच्या पुण्याच्या ग्रुपवर लिहिणार आहे — किरकोळ वाटलं.

४ डिसेंबर
नाही लिहिलं. बाबा मागच्या खोलीतून आले, दाराला टेकून उभे राहिले. पुन्हा लाव म्हणाले. तीनदा लावलं. मग म्हणाले, "दोन क्लॅरिनेट हायेत. एक श्वास घेते तवा दुसरा सूर धरून ठेवते. मी आन् मुखरू असंच करत होतो. मोठ्या बॅन्डपार्टीत कोनाचंही खपून जाते. लहान पार्टीत लपाले जागा नाई."
तीस वर्षं लग्नाच्या बॅन्डमध्ये मुखरूभाऊंच्या जोडीनं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. मी इतकी वर्षं ऐकते आहे, मला हे कधी कळलं नाही!
पुन्हा ऐकलं. खरंच आहे.

५ डिसेंबर
ग्रुपवर टाकलं. श्वासाचं, लपायला जागा नसण्याचं — सगळं. 'माझ्या लक्षात आलं' असं लिहिलं. ग्रुप चालवणाऱ्या नंदिनीताईंचा लगेच मेसेज — नूतन, काय कान आहे तुमचा! दिवसभर कॉलेजात शिकवताना हवेत होते.

९ डिसेंबर
आता रोज संध्याकाळी बाबांना ऐकवते, वही घेऊन बसते. आज म्हणाले, यातला ढोलवाला मुद्दाम तालात किंचित मागे राहतो; वरात थकली की आमीही असंच करायचो. मी वरात गाळली, बाकीचं ग्रुपवर टाकलं. लाज वाटली. तरी टाकलं.

१२ डिसेंबर
रविवारी सकाळी कॅमेऱ्यावर बोलाल का, म्हणून नंदिनीताईंनी विचारलं. घरात संगीत होतं का, तेही. लिहिलं — नाही, वडील नोकरीत होते. बोटं अडखळलीसुद्धा नाहीत!
सातवीत होते. इथे सावली गावातच कुणाच्या तरी लग्नात बाबा लाल कोट घालून वाजवत होते. वर्गातल्या पोरींनी विचारलं, हे तुझे बाबा ना? मी नाही म्हटलं. बाबांनी ऐकलं होतं. वाजवत राहिले.
पंचेचाळीस वर्षांची झाले आणि पुन्हा तेच. शी! कसली बाई आहे मी.

१५ डिसेंबर
बाबांना सांगायला गेले — रविवारी अकराला ग्रुपची मंडळी कॅमेऱ्यावर येणार आहेत, तेवढा वेळ तुम्ही मुखरूभाऊंकडे जा. पहिलं अर्धं ऐकूनच ते खुशीत मान डोलावत "हाव, हाव" करत उठून गेले. पुढचं तोंडातच राहिलं.

१६ डिसेंबर
मुखरूभाऊ विकलेल्या धानाचे चुकारे, म्हणजे पैसे, जमा झाले का ते बघायला निघालेले, रस्त्यात भेटले. सायकल थांबवून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, मोठं काम केलं तू. तुहा बाप हरिदास गावभर सांगून राह्यला, पुन्याचे लोक माह्यं म्हननं वाचून राह्यले म्हनते. नूतन माह्या नावानं लिहिते म्हनते."
घरी कशी आले आठवत नाही. मी वहीत लिहून घेते ते माझ्या नावावर खपवायला, हे बाबांच्या मनातही आलं नव्हतं.

१७ डिसेंबर, रविवार
बाबा दहालाच तयार. लाल कोट, इस्त्री केलेला, बटणं घासलेली. कॅमेऱ्यापुढे खुर्ची एकच.
"मी कुठी बसू?"
मी उठले, त्यांना बसवलं, मागे उभी राहिले. अकराला नंदिनीताई पडद्यावर आल्या. विचारलं, हे कोण?
म्हटलं, "माझे बाबा. तो कान यांचा आहे."