दिवस भरण्याआधी

९ नोव्हेंबर

ती. बाबांना,

नमस्कार. तुमची तब्येत ठीक असणार. इस्पितळात फोन करून डॉक्टरांची उलटतपासणी घेण्याइतकी ती ठणठणीत आहे, हे मला कालच कळलं. आम्हीही बरे आहोत. हवा गार आहे.

डॉक्टरांनी हात धुताधुता मला ते कौतुकाने सांगितलं. म्हणाले, तुमचे वडील फार जागरूक दिसतात. मूल खरंच दिवस भरण्याआधी झालंय, की पुऱ्या दिवसांचंच आहे पण अशक्त, असं नेमकं विचारत होते. बिचाऱ्यांना वाटलं, आजोबांचा जीव नातीत अडकलाय. मी त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला. परक्यासमोर बापाची अब्रू झाकायची, एवढे संस्कार तुम्हीच केलेत.

लग्नाला सात महिने आणि मूल हातात. निवृत्त हेडमास्तरांचं गणित जुळेना. तेव्हा उत्तर लिहून घ्या.

तुमची नात माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत जेमतेम पुरते. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. कान दुमडला तर दुमडलेलाच राहतो. तळपाय गुळगुळीत, त्यावर एक रेघ नाही. स्वतःची ऊब तिला धरून ठेवता येत नाही, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय. पेटीतली हवा गरम आणि दमट असते. पोटावर चिकटवलेली तार अंगाची ऊब मोजते आणि पेटी त्याप्रमाणे स्वतःला कमीजास्त करते. बाजूच्या गोल झडपेतून हात घालायचा तो धुऊन, आणि लगेच बाहेर काढायचा, नाहीतर ऊब निघून जाते. दूध नळीतून, तेही चमचाभर. मध्येच ती श्वास घ्यायचा विसरते. मग यंत्र ओरडतं आणि सिस्टर तिच्या तळव्याला टिचकी मारून म्हणते, "घे गं बाई, राहिला."

माझ्या चारित्र्याचा दाखला म्हणून एवढं पुरेल ना? मूल खरोखर फार लवकर झालंय असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही "छान, छान" म्हणालात म्हणे. नात श्वास विसरते आणि आजोबांना छान वाटतं. पोर पुऱ्या दिवसांची, गुटगुटीत जन्मली असती, तर मला लाज वाटली नसती, बाबा. मी सुखाने झोपले असते. हेही लिहून घ्या.

ती जराशी सावरल्यावर डॉक्टरांनी तिला रोज उघड्या छातीशी धरायला सांगितलं. अंगाला अंग लागलं की अशा मुलांचा श्वास लयीत येतो, वजन धरतं. पण माझे टाके चिघळून मला ताप भरला होता आणि तुमच्या जावयाला खोकला. (तो लिफ्ट दुरुस्त करतो. शेजाऱ्यांना तुम्ही इंजिनियर सांगता, म्हणून आठवण करून दिली.) घरातलं तिसरं माणूस हवं होतं. ते आलं.

कोण आलं ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण परवा तुम्ही मावशीला फोन करून विचारलंत म्हणे, की गुडघ्यांचे उपचार अजून किती चालणार, इथे एका शर्टाला इस्त्री नाही. मावशीला आता खोटं बोलायचा कंटाळा आलाय. तर आई मावशीकडे नाही. आई इथे आहे. गुडघे उत्तम आहेत, जिने चढते.

आरामखुर्चीत रेलून ती पोरीला छातीवर घेते, वरून दुलई, आणि जागची हलत नाही. पाय बधिर झाले तरी नाही. पोरगी तिच्यापाशी असली की यंत्र फारसं ओरडत नाही. आता थोडं थोडं दूध ओढायला लागलीय. वजन चढतंय.

काल डॉक्टर तुमच्या फोनचं सांगत होते तेव्हा आई तिथेच बसली होती. मला वाटलं, ती नेहमीसारखी सावरून घेईल; त्यांचा स्वभावच तसा, मनात काही नसतं, म्हणेल. डॉक्टर गेल्यावर पोरीची टोपी सारखी करत ती म्हणाली, "तुझ्या वेळीही ह्यांनी बोटांवर महिने मोजले होते. पुरे नऊ भरले होते. तरी मोजले."

मग तू काय केलंस, असं मी विचारलं.

"काय करणार? स्वयंपाक केला."

इतकी वर्षं मी तुम्हाला घाबरत होते. निकालाच्या दिवशी तुमच्या चपलांचा आवाज आला की मी आईच्या पदराआड जायचे. कालपासून ते घाबरणं बंद झालं. बाळंतिणीच्या उशाशी बसून जो बोटं मोजतो, त्याला घाबरायचं तरी कशासाठी?

पोरगी घरी येईल तेव्हा आईही आमच्याकडेच येणार आहे. तुमच्याकडे कधी परतणार ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारणार नाही. नातीला बघायचं असेल तर दुपारी या. दारातच कोपरापर्यंत हात धुवायला लावतात. हेडमास्तरांनाही त्यातून सूट नाही. प्रश्न विचारायला येणार असाल तर मात्र भाड्याचे पैसे वाचवा.

तुमच्यासाठी काही निरोप आहे का, असं आईला विचारलं. ती नाही म्हणाली.

कळावे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुमचीच,
पुऱ्या दिवसांची मुलगी