चार दातांचा चाप

सोमवार, २ मार्च १८९६. ट्रॉय.

काल आमच्या बोर्डिंगहाउसच्या रविवारच्या जेवणात शेजारच्या खोलीतल्या गेबहार्टने बीटच्या लोणच्याकडे हात लांबवला आणि शर्टाच्या बाहीला वरून लावायचा त्याचा सुटा कफ निसटून थेट रश्श्याच्या भांड्यात पडला. सगळे हसले. गेबहार्ट पियानो विकतो, त्यामुळे तोही हसला. मी हसलो नाही. (हसलो, पण विचार करत.) अख्ख्या देशाला कॉलर आणि कफ पुरवणारं आमचं गाव, आणि कफ बाहीला धरून ठेवणारा एक धड चाप इथं कुणाला करता येऊ नये? मी कफच्या कारखान्यात रवानगीचा कारकून आहे. मी नाही करणार तर कोण?

आज जेवणाच्या सुट्टीत केला. बायकांच्या कंबर आवळायच्या कॉर्सेटमधल्या पोलादी पट्टीचा. दोन जबडे, पाठीला पाठ लावून. एक बाहीला चावतो, दुसरा कफला. प्रत्येक जबड्याला चार दात.

संकल्प: जूनपर्यंत पेटंट. रोज रोजनिशी. गर्व अजिबात नाही.

बुधवार, ४ मार्च.

काल लिहायचं राहिलं. चाप घेऊन मुलामेवाल्या ओगडेनकडे गेलो होतो. म्हातारा म्हणाला, निकेलचा मुलामा दिला नाहीस तर आठवड्यात गंज चढेल, मनगटाला घाम येतो. मुलामा दिलेला एक नमुना करून पाहिला. दात बोथट. बाही दोनदा झटकली तर कफ खिडकीबाहेर. बिनमुलाम्याचा चाप घालून चाळीस वेळा झटकली, हलला नाही.

संशोधकाला कठोर निर्णय घ्यावे लागतात. मुलामा रद्द. सभ्य माणसाच्या मनगटाला घाम येत नाही, निदान मार्चमध्ये तरी.

शनिवार, ७ मार्च.

परवाच गेबहार्टला एक जोडी भेट दिली आणि लान्सिंगला एक. लान्सिंगही याच घरात राहतो, बँकेत असतो, रोज पाच जणांशी हात मिळवतो, म्हणजे जाहिरात आपोआप. दोघांनी मनापासून आभार मानले. लान्सिंगने विचारलं, हा चावतो का? मी म्हटलं, फक्त कापडाला.

गुरुवार, १२ मार्च.

धुणं आलं. गेबहार्टच्या दोन्ही कफवर तांबूस डाग. लान्सिंगच्या एकावर. माझ्या तीन कफवर.

आमचं धुणं अकरा वर्षं मिसेस डूलन करते. विधवा बाई आहे, नदीकाठच्या आयरिश वस्तीत राहते. हे घर आणि शेजारची दोन, अशा तीन घरांच्या खळ-इस्त्रीवर तिचं चालतं. शनिवारी नेते, गुरुवारी आणते. परीटघडी अशी की कफ टेबलावर उभा राहतो. अकरा वर्षांत एक डाग नाही, असं घरमालकीण मिसेस बस्कर्क स्वतःच आज सांगत होत्या, डाग बघता बघता.

टेबलावर कुणीतरी म्हणालं, तिचं कपडे उकळायचं भांडं गंजलं असेल. मग सगळ्यांनाच तसं वाटू लागलं.

(मीच म्हणालो. पण प्रश्नार्थक म्हणालो.)

शुक्रवार, १३ मार्च.

कारखान्यातलं भिंग आणून डाग पाहिला. एका ओळीत चार ठिपके, सारख्या अंतरावर. चापाला चार दात आहेत. पण चार दात काट्याला पण असतात. घाईने निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे. तो कफ ट्रंकेच्या तळाशी ठेवला, हिवाळी बनियनखाली.

शनिवार, १४ मार्च. सकाळी.

मिसेस डूलन गाठोडं न्यायला आली. मिसेस बस्कर्कनी तिला दारातच डाग दाखवले. तिने कफ हातात घेतला, पालथा केला, उजेडात धरला. म्हणाली, माझं भांडं गेल्याच वर्षी नवीन घेतलंय, चिनी मातीचं अस्तर आहे त्याला. मिसेस बस्कर्क म्हणाल्या, मग पाणी तपासा. मी त्या वेळी जिन्यावर बुटाचे बंद बांधत होतो. माझ्या बुटांना बंद नाहीत, बटणं आहेत, पण तिथून कुणाला दिसलं नसावं.

तिने जाताना वर बघून मला नमस्कार केला. मी पण केला. सोमवारी सगळं सांगून टाकायचं. ठरलं.

रविवार, १५ मार्च.

सोमवारी नको. आमच्या कारखान्याचे सुपरिंटेंडेंट मिस्टर हॅलक यांनी चाप बघायला गुरुवार, सव्वीस तारीख दिली आहे. त्याआधी गंजाचा ग जरी बाहेर गेला तरी चापाचा जीव जाईल. सव्वीसनंतर सांगेन. अकरा दिवसांनी सत्य काही नासत नाही.

गुरुवार, १९ मार्च.

डाग वाढले. लान्सिंगला बँकेत मॅनेजरने विचारलं, मनगटाला काही लागलंय का. मिसेस बस्कर्क फार बोलल्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, त्यात बटाटेही होते, त्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं.

मिसेस डूलनसाठी काहीतरी करायला हवं म्हणून गेल्या शनिवारी गाठोड्यात एक संत्रं घातलं होतं, चांगलं फ्लोरिडाचं. आज ते परत आलं. कागदात गुंडाळून, कफच्या वर. तिला वाटलं चुकून गेलं. कागदालाही इस्त्री केली होती.

ते संत्रं खाल्लं. गोड होतं.

शुक्रवार, २० मार्च.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आज दिवसभर हेच डोक्यात. कामात तीनदा चुकलो, सहा ग्रोस, म्हणजे आठशे चौसष्ट कफ, मेन राज्याऐवजी मिसूरीला रवाना.

निर्णय: सव्वीसची वाट बघायची नाही. आज संध्याकाळच्या जेवणात उभं राहून सांगायचं. भाषणात गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही कारकून ऑर्डर टिपतो तसे मुद्दे पेन्सिलीने डाव्या कफच्या आतल्या बाजूला लिहिले: डाग माझ्या चापाचे. मिसेस डूलनची चूक नाही. ओगडेनने आधीच सांगितलं होतं. मी गप्प बसलो.

जेवताना दोनदा बाही वर केली. पण गेबहार्ट नव्या पियानोची गोष्ट सांगत होता, रंगलेली. लोकांच्या आनंदावर विरजण घालणं बरं नव्हे. उद्या.

शनिवार, २१ मार्च.

मिसेस डूलन गाठोडं घेऊन गेली आणि मग लक्षात आलं, मुद्दे लिहिलेला कफ त्यातच गेला.

काळजीचं कारण नाही. पेन्सिल साबणात जाते. शिवाय परटीण कफ धुते, वाचत नाही. मुद्दे मला पाठ आहेत.

रविवार, २२ मार्च.

चर्चमध्ये बसल्या बसल्या सुचलं. कबुलीपेक्षा दुरुस्ती मोठी. चापाला व्हॅसलिन लावलं की गंज बंद, गंज बंद की डाग बंद, डाग बंद की मिसेस डूलनवरचा आळ आपोआप गेला. मग सांगायचं ते काय? गेबहार्ट आणि लान्सिंग जेवत असताना त्यांच्या खोल्यांत जाऊन चापांना व्हॅसलिन चोपडलं. मन हलकं झालं.

गुरुवार, २६ मार्च.

गंजाचे डाग आहेतच. अंगावरच्या कफवर आता तेलाचेही आहेत.

माझा डावा कफ मात्र आरशासारखा. आतल्या बाजूला एक अक्षर नाही. म्हणजे तिने वाचलं नाही. गाठोडं देताना मला म्हणाली, तुमचा डावा कफ मी वेगळा काढून हाताने धुतला. ग्राहकाची एवढी आस्था हल्ली कुठं बघायला मिळते? मी आभार मानले. ती थोडा वेळ उभीच राहिली. मला कारखान्याची घाई होती.

मिस्टर हॅलकना चाप दाखवला. पकड बघून ते थक्क झाले. त्यांच्या बाहीवरून तो निघेना तेव्हा जास्तच. शेवटी बाही कापावी लागली. त्यांनी विचारलं, गंजतो का? मी म्हटलं, दोन सद्गृहस्थ तीन आठवडे वापरतायत, माझ्याकडे एकही तक्रार नाही. अक्षरशः खरं आहे हे. तक्रारी सगळ्या मिसेस डूलनकडे गेल्या.

शुक्रवार, २७ मार्च.

मिसेस बस्कर्कनी ठरवलं: उद्यापासून धुणं वाफेच्या लाँड्रीत. शेजारच्या दोन्ही घरमालकिणींचंही तेच ठरलंय. तिघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात. म्हणजे मिसेस डूलनची तिन्ही घरं एका दिवसात गेली.

उद्या सकाळी ती यायच्या आत सांगणार. उभं राहून, खणखणीत आवाजात. हे शेवटचं.

शनिवार, २८ मार्च.

न्याहारीला कॉड माशाचे वडे होते. काटा घशात अडकण्याचा धोका असताना बोलू नये, असं डॉक्टरही सांगतात.

ती रिकामी टोपली घेऊन आली. मिसेस बस्कर्कनी दारातच सांगितलं. ती भांडली नाही. म्हणाली, अकरा वर्षं झाली बाई. मग माझ्याकडे वळली आणि विचारलं, मिस्टर टील, तुम्हाला काही सांगायचं होतं का?

मी म्हटलं, हवा बदलतेय, शाल घेत जा.

दुपारी लाँड्रीची घोडागाडी येऊन गाठोडं घेऊन गेली. मी खोलीतच होतो. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते आहे. ही नोंद उद्या फाडून टाकीन.

सोमवार, ३० मार्च.

फाडली नाही. पानाच्या मागे चापाची आकृती आहे.

गुरुवार, २ एप्रिल.

वाफेच्या लाँड्रीचं पहिलं गाठोडं आलं. माझ्या कफवर डाग, लान्सिंगच्या कफवर डाग. गेबहार्टचे कफ पांढरेशुभ्र. मिसेस बस्कर्कनी सगळे टेबलावर ओळीने मांडले आणि गेबहार्टला विचारलं, तुम्ही वेगळं काय केलंत? तो म्हणाला, काही नाही, टीलच्या चापाला गेल्या आठवड्यात कसलासा ओशट हात लागला, म्हणून मी परत बटणावर आलो.

लान्सिंगने बाही मागे सारली, चाप काढला आणि कफवरच्या डागांवर ठेवला. चारही दात बरोबर बसले.

अशा वेळी मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात कबुली दिली. नोंद असावी, कुणी विचारायच्या आत दिली. (मिसेस बस्कर्कनी विचारलं होतं. दोनदा.) मुद्दे क्रमाने सांगितले, ओगडेनसकट. मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, धैर्य लागतं याला. लान्सिंग म्हणाला, बीट इकडे सरकव.

मिसेस बस्कर्क एवढंच म्हणाल्या, हे आम्हाला कशाला सांगता? ज्या बाईच्या पोटावर पाय दिलात तिला जाऊन सांगा. आणि परत घेऊन या.

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे.

कारखाना अर्धा दिवस. मिसेस डूलनकडे गेलो. आज त्यांच्यात कपडे धुवत नाहीत, अशुभ मानतात. पण टबच कुठं दिसेना, आणि इस्त्रीचं टेबल भिंतीला टेकवलेलं. तिने खुर्ची पुसून दिली.

वाटेत तीन भाषणं तयार केली होती. चांगलं होतं त्याने सुरुवात केली, चापाच्या पकडीबद्दल. तिने हात वर केला.

“वाचलंय मी ते,” ती म्हणाली. “तुमच्या डाव्या कफवर. दोन आठवडे होत आले.”

मी विचारलं, मग मिसेस बस्कर्कना का नाही दाखवलंत? तेवढा एक कफ समोर ठेवला असता तर तिन्ही घरं राहिली असती.

“कफ तुमचा होता, मिस्टर टील. त्यावरचं म्हणणंही तुमचंच. वाटलं, गुरुवारपर्यंत सांगेल हा. लिहिलंय म्हणजे सांगणारच.”

“पण धुतलात कशाला?”

“धुवायला दिला होतात ना.”

मी मिसेस बस्कर्कचा निरोप सांगितला, परत या म्हणून. ती म्हणाली, टब विकला, सोमवारपासून वाफेच्या लाँड्रीत धुण्याच्या यंत्रावर उभं राहायचंय, शब्द दिलाय. दहा तास उभं राहायचं काम, गुडघे कुरकुरतील, पण तिथं डागांबद्दल बाईमाणसाला कुणी विचारत नाही, ‘डागांची जबाबदारी आमची नाही’ अशी छापील चिठ्ठी लावतात. हे तिने रागाने सांगितलं नाही. राग आला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तिने चहा विचारला. मी घेतला, दोन कप.

परत येताना पुलावर लक्षात आलं की ‘माफ करा’ एवढं सोडून सगळं बोललो.

शनिवार, ४ एप्रिल.

लाँड्रीची गाडी दुपारी यायची आहे. चाप तिन्ही जोड्या नदीत टाकणार होतो, पण पेटंटसाठी एक नमुना ठेवावा असं वाटलं. मग तोही टाकला.

गाठोडं बांधलं. आमच्या घराची खूण प्रत्येक कफवर आहेच, यंत्रावर आली की तिला कळेल कुणाचे ते. म्हणून डाव्या कफच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायला बसलो. ‘मिसेस डूलन, मला’ इतकं लिहून झालं.

मग वाटलं, हेही तिलाच धुवावं लागेल. रबराने खोडलं आणि कफ कोरा पाठवला.